बांबूवरचा फोन

माझं काम काय हे कळलं की लोकांना दोन गोष्टी वाटतात. एक, मी कुणाचाही पासवर्ड पाहू शकते. दोन, मी त्यांच्या घरचं वायफाय दुरुस्त करून देऊ शकते. दोन्ही खोटं आहे. एका मोठ्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोण येतंय, कुठून येतंय, रोजच्यासारखं येतंय की वेगळं, हे मी पाहते. स्क्रीनवर ओळी सरकत असतात. बहुतेक ओळींत काही नसतं. एखादीत काही दिसलं तर ती बाजूला काढायची, कारण शोधायचं, आणि कारण सापडलं नाही तर दार लावून घ्यायचं.

हे काम आम्ही सध्या एका बिनखिडकीच्या थंडगार खोलीत बसून करतो. स्वेटर घालून. खोली चांगली आहे, खुर्च्या चांगल्या आहेत, चहाचं मशीनही आहे. तरी दुपारी जेवणानंतर डोळे जड झाले की मला मध्य प्रदेशातल्या सौंसरची, माहेरची माडी आठवते. टाळेबंदीच्या वर्षी माझं ऑफिस तिथं होतं.

माझा मुलगा बापाजवळ शहरात राहिला आणि मी आईकडे आले, कारण भाऊ बाहेरगावी होता, आई एकटी होती आणि माझं काम कुठूनही होणारं होतं. वडिलांचं कापडाचं दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, पण दुकानातले साड्यांचे रिकामे खोके माडीवर भिंतीला लावून रचलेले होतेच. आई ते टाकू देत नसे. मी त्यातले चार खाली घेतले, वर दुकानातलीच फळी टाकली आणि टेबल केलं. खिडकीतून समोरच्या गच्च्या दिसत. सकाळी एखाद्या गच्चीवर वड्या घातलेल्या असत, दुपारी त्यांच्या राखणीला एखादी म्हातारी डोक्यावर पदर ओढून सावलीला बसलेली असे. ती मला पाही, मी तिला. दोघींचं काम साधारण एकच होतं.

आई दिवसातून दोनदा जिना चढून यायची. मागे उभी राहून स्क्रीन बघायची.

"काय करून राहिली वं? नुसती पाहूनच तं राहिली."

मी म्हटलं, पाहण्याचाच पगार आहे.

"मंग आपल्या गल्लीतल्या साऱ्या बायांले लागते पगार."

हे तिनं खाली जाऊन दोन-तीन घरी सांगितलंही असावं. कारण नंतर भाजी निवडायला ओट्यावर जमलेल्या बायका मला बघून हसायच्या, आणि विचारायच्या, आज कोण सापडलं?

आज कोण सापडलं, याचं उत्तर बहुतेक दिवशी 'कुणी नाही' असंच असे. पण त्या वर्षी शेवटच्या सत्राच्या परीक्षा घरून झाल्या आणि आमचं काम वाढलं. वसतिगृहं रिकामी करून मुलं आपापल्या गावी गेली होती. पेपर लॅपटॉपवर सोडवायचा. मध्ये मध्ये कॅमेऱ्यानं फोटो निघायचे. पेपर संपला की आमची यंत्रणा संशयास्पद परीक्षार्थींची नावं पुढे टाकायची, आणि ती आम्ही वाटून घ्यायचो. माझ्याकडे आलेल्यांत एक एम.एस्सी.ची मुलगी होती. रसायनशास्त्र, शेवटचा पेपर. पेपर चालू असताना ती मध्य प्रदेशातून महाराष्ट्रात गेली होती, परत आली होती, पुन्हा गेली होती. एका पेपरात असं चारपाच वेळा.

महाराष्ट्रात म्हणजे नेमकं कुठं, तर त्या मोबाइल कंपनीचा जो पत्ता आमच्याकडे उमटला होता तो विद्यापीठाच्याच शहराचा होता. त्यावरून परीक्षेच्या चौकशी समितीनं सरळ अर्थ लावला. मुलगी गावी बसली आहे, तिचं खातं शहरातली एखादी हुशार मैत्रीण वापरते आहे, दोघी मिळून पेपर सोडवत आहेत. लॅपटॉप दोन्हीकडे एकच दिसत होता, पण तसं दाखवता येतं, आणि आम्हाला ते माहीत होतं. फोटोत मुलगीच होती, पण मान खाली घालून लिहिणाऱ्या मुलीचा फोटो काही सिद्ध करत नाही. शिक्षा म्हणजे सगळं सत्र रद्द. मुलीनं खुलाशात एवढंच लिहिलं होतं की नेट कमजोर होतं, आणि नागपूरच्या माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत तिची निवड झाली आहे, निकाल दाखवला की रुजू व्हायचं आहे, कृपा करून निकाल रोखू नये.

मी तिचा पत्ता बघितला. पांढुर्ण्याच्या पलीकडचं, हद्दीला लागून असलेलं गाव.

आमच्या पट्ट्यातलं कुणीही हे प्रकरण बघून पहिली शंका सिमकार्डाची घेतली असती. सौंसर-पांढुर्ण्याकडे एका माणसाजवळ दोन नंबर असतात. एक नागपूरचा, एक इकडचा. नागपूरचा नंबर नातेवाइकांसाठी, दवाखान्यासाठी, संत्र्याच्या व्यापाऱ्यासाठी. इकडचा गॅससाठी, बँकेसाठी, सरकारी कामासाठी. हद्द ओलांडली की फोनचे जास्त पैसे पडायचे त्या काळातली ही सवय, पैसे पडायचे थांबले तरी राहिली. नंबर मागितला की आजही लोक विचारतात, कोणता देऊ? आईच्या साध्या फोनमध्येही दोन सिम होते, आणि कोणत्या बहिणीला कोणत्या सिमवरून फोन लावायचा हे तिला पाठ होतं.

हे मी आमच्या साप्ताहिक बैठकीत सांगितलं. विभागप्रमुख माझ्यापेक्षा बरेच लहान, हुशार, सरळ माणूस. ते म्हणाले, "म्हणजे मॅडम, मुलगी एकाच वेळी दोन राज्यांत बसली होती असं म्हणायचं का?"

"आमच्याकडे बसतात, सर."

सगळे हसले. एक सहकारी म्हणाला, मॅडमच्या माहेरची दिसते, साडीचोळी करून पाठवून द्या. मीही हसले, पण त्याच्या बोलण्यात मुद्दा होता. मी तिकडची, मुलगी तिकडची. माझ्या सांगण्याला वजन राहत नाही. शिवाय शंका वेगळी आणि कारण वेगळं. फोनमध्ये दोन सिम असली तरी नेट एकाच सिमवर चालतं, आणि माणूस पेपर लिहिताना उठून सिम बदलत बसत नाही. मग ते आपोआप का बदलत होतं? हे मला सांगता येईना.

म्हणून मीच म्हटलं की माझा शब्द धरू नका, प्रमुखांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. मी त्या घरी जाते, तोच लॅपटॉप, तोच फोन, तीच जागा. मुलगी विद्यापीठाच्या नेटवर्कवर येईल, ती ओळ तुम्ही तुमच्या स्क्रीनवर बघा, आणि घर माझ्या फोनच्या कॅमेऱ्यातून बघा. त्यांनी समितीला विचारलं, समितीनं हो म्हटलं. मुलीच्या घरी तसं कळवलंही.

भावाची घरी पडून असलेली जुनी स्कूटी घेऊन मी सकाळीच निघाले. हा रस्ता मला शाळेपासूनचा माहीत. पांढुर्ण्याला मावशी होती. सुट्टीत आम्हाला एसटीसारख्याच खडखडणाऱ्या खासगी बसमध्ये बसवून देत आणि कंडक्टरला सांगत, स्टँडवर यांचे मावसे उभे आहेत, त्यांच्याच हातात द्या. पार्सल द्यावं तसं. जामसांवलीच्या मारुतीच्या फाट्यावर बस हमखास थांबे, शनिवारी तर अर्धी बस तिथंच रिकामी होई आणि आम्हाला खिडकी मिळे. त्या दिवशी फाट्यावर नारळाची दोन दुकानं उघडी होती, बाकीच्यांवर ताडपत्र्या. पुढे दोन्ही बाजूंना कापूस फुटायला लागलेला. मी नागपूरला शिकायला गेले ती छोट्या गाडीनं, म्हणजे नॅरोगेजच्या रेल्वेनं. त्या गाडीला दिवस लागायचा असं आम्ही म्हणायचो. आता ती गाडी नाही, मावशी नाही, बसमध्ये पोरं कुणी अशी सोपवत नाही. स्कूटीवर बसून मी हे सगळं आठवत होते आणि खड्डेही चुकवत होते.

घर गावाच्या टोकाला, मागे संत्र्याचा बगीचा. मुलीचे वडील दारात उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हात जोडलेले. मुलगी मागे, रडून रडून डोळे सुजलेले, पण रडणं थांबवून उभी होती. आईनं पाणी दिलं. मी पाणी घेतलं, चहा नको म्हटलं. तपासणीला आलेल्या माणसानं चहा घेऊ नये, असा नियम कुठं लिहिलेला नाही, पण मी पाळते.

मी विचारलं, फोन कुठं ठेवला होता?

त्यांनी मला अंगणात नेलं. संत्री तोडायचा लांब बांबू मुलीच्या खोलीच्या खिडकीशेजारी भिंतीला टेकवून उभा केला होता, आणि त्याच्या टोकाला वडिलांचा फोन कापडात गुंडाळून सुतळीनं बांधला होता. खाली त्यांच्या कंपनीचं नेट येत नाही, छपराच्या वर येतं. त्या फोनच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चाले. मी इतकी वर्षं या कामात आहे, विद्यापीठाच्या इमारतींवर महागडे अँटेना बसवताना पाहिले आहेत, पण कल्पना तीच.

मुलीला खोलीत बसवलं. लॅपटॉप चालू झाला. प्रमुख त्यांच्या स्क्रीनसमोर, मी खिडकीत माझा फोन धरून उभी; माझ्या दुसऱ्या कंपनीच्या सिमला तिथं जेमतेम नेट होतं. ओळ उमटली: मध्य प्रदेश. आम्ही वाट पाहू लागलो.

काहीच होईना. ओळ स्थिर. मी बांबू जरा हलवून पाहिला, टॉवर बदलतो का म्हणून. नाही. मुलीला उठायला, बसायला सांगितलं. नाही. तिकडून प्रमुख म्हणाले, "मॅडम, मला अकराला दुसरी बैठक आहे." ते चिडले नव्हते. पण त्यांच्या आवाजात प्रकरण संपत आलेलं मला ऐकू आलं. मुलीलाही आलं असावं. ती लॅपटॉपकडे पाहत होती, जणू तो तिच्या विरुद्ध साक्ष देतो आहे.

मी वडिलांना विचारलं, त्या दिवशी सगळं असंच होतं का? ते म्हणाले, "अस्संच होतं मॅडम. काही फरक नाही." आणि त्यांनी बायकोकडे पाहिलं.

मुलीची आई दारात उभी होती. ती माझ्याशी बोलली नाही, नवऱ्याशी बोलली. "अस्सं कसं होतं? त्या दिवशी तं तुम्ही आंगनात ओरडून राहिले होते."

वडील बांबू नीट टेकवू लागले.

"सांगा नं. आता नाही सांगत तं मंग कधी सांगसान? पोरीचं वर्स गेल्यावर?"

मग त्यांनी सांगितलं. बगीच्यातली संत्री झाडावर असतानाच विकायची होती. त्या वर्षी व्यापारी कमी, जो विचारतो त्याला नाही म्हणायची सोय नव्हती. व्यापाऱ्याचा फोन त्याच दिवशी, पेपर चालू असतानाच येत राहिला. फोन तर बांबूवर. मग त्यांनी काय केलं, बांबू खाली घ्यायचा, पटकन बटण दाबायचं, स्पीकर लावायचा, बांबू परत उभा करायचा, आणि खालून वर बघत ओरडून बोलायचं. एकदा नाही, चारपाच वेळा. पेपरात घरात आवाज नको हे त्यांना माहीत होतं. म्हणून आपल्याच ओरडण्यानं पोरीवर बालंट आलं असं त्यांना वाटत होतं, आणि म्हणूनच त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्यासमोर तसं होऊ नये म्हणून व्यापाऱ्याला आदल्या दिवशीच बजावून ठेवलं होतं: उद्या फोन करू नको, मॅडम येऊन राहिल्या.

मी विचारलं, व्यापाऱ्याचा फोन कोणत्या नंबरावर येतो?

"नागपूरच्या. व्यापाऱ्याले तोच असते."

मला कारण सापडलं होतं. नेट इकडच्या सिमवर. कॉल नागपूरच्या सिमवर. कॉल चालू असेपर्यंत फोन आपलं नेट कॉलच्या सिमवर नेत होता, कॉल संपला की परत आणत होता. काही फोनांत तशी सोय असते. ती कुणी मुद्दाम लावत नाही, आणि तिच्याबद्दल कुणाला माहीतही नसतं.

मी म्हटलं, भाऊ, नागपूरच्या नंबरावरून लावा त्याला फोन.

त्यांना वाटलं मी चिडून बोलते आहे. मी पुन्हा सांगितलं: त्या दिवशी केलं तेच करा, जसंच्या तसं, ओरडणंसुद्धा.

बांबू खाली आला. फोन लागला, स्पीकर लागला, बांबू वर गेला. वरून व्यापाऱ्याचा आवाज आला की तुम्हीच तर नको म्हटलं होतं. वडिलांनी मान वर केली, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि सुरू झाले. आधी लाजत, मग जोरात. की माल पाहायला या, फळ पाहा, फोनवर काय भाव करून राहिले, मागच्या वर्षी डाग होता, यंदा नाही. शेजारच्या अंगणातली माणसं कुंपणाशी येऊन उभी राहिली. सगळ्या गावाला तो सौदा आधीपासून ठाऊक होता, असं दिसलं.

"मॅडम," माझ्या फोनमधून प्रमुखांचा आवाज आला, "बदललं. महाराष्ट्र दाखवतंय."

"थांबा सर, परत येईल."

मी वडिलांना हातानं खूण केली. बांबू खाली आला, फोन ठेवला गेला, बांबू परत वर गेला. थोड्या वेळानं प्रमुख म्हणाले, आलं परत. मग विचारलं, "तिथं कोण इतकं भांडतंय?"

"भांडण नाही सर. संत्री विकतायत."

ते हसले नाहीत. म्हणाले, अजून एकदा करा, मी समितीच्या दोघांना जोडून घेतो. त्यांनी अकराची बैठक पुढे ढकलली. वडिलांनी अजून दोनदा केलं. तिसऱ्यांदा व्यापारीच कंटाळला.

समितीनं फसवणुकीचा आरोप काढून टाकला. पण पेपर चालू असताना कुणीतरी मोठ्यानं बोलत होतं हेही आता सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि नियम नियम होता. तेवढा एक पेपर पुन्हा द्यायचा ठरला, त्याच घरून. अट अशी की फोनमध्ये एकच सिम हवं, आणि नेट सलग पाच मिनिटांपेक्षा जास्त तुटलं तर पेपर बाद. त्यानंतर संधी नाही.

मला ही अट कडक वाटली. तरी मी ती मान्य केली. जेवढं सिद्ध झालं होतं तेवढं पदरात पडलं होतं.

पेपराच्या दिवशी मी सौंसरला माडीवर होते. त्या दिवशीच्या सगळ्या परीक्षार्थींच्या ओळी माझ्यासमोर होत्या, पण मी एकच पाहत होते. मध्य प्रदेश. सरळ. पहिला तास गेला. आई वर आली, तिला सगळं प्रकरण माहीत होतं, कारण गल्लीला माहीत होतं. ती खोक्यावर बसली आणि म्हणाली, कोणती तिची? मी बोटानं दाखवली. दोघी पाहत बसलो.

दुसऱ्या तासात ओळ तुटली.

हे काम करताना हात पटकन चालतो. तुटलं की नोंद, ठरलेली वेळ गेली की बंद. त्या दिवशी मी हात मांडीवर ठेवले. माझ्या हातात काही नव्हतं. वेळ यंत्रणाच मोजत होती. एक मिनिट, दोन. समोरच्या गच्चीवरची म्हातारी वड्यांवरचे कावळे हाकलत होती. तिसरं मिनिट सरलं आणि ओळ उगवली. मध्य प्रदेश. मग पेपर संपेपर्यंत ती हलली नाही. तुटण्याआधी होती त्यापेक्षाही स्थिर होती.

पेपर झाल्यावर मी मुलीच्या घरी फोन लावला, कारण तुटण्याचं कारण लिहावं लागतं. मुलीच्या आईनं उचलला. मागे वडील कुणाशी तरी बोलत होते, या खेपेला हळू आवाजात. नागपूरचं सिम त्यांनी सकाळी काढून देवापुढच्या करंड्यात ठेवलं होतं आणि व्यापाऱ्याला सांगितलं होतं की भाव करायचा तर गाडीत बसून ये. तो आला होता.

मी विचारलं, मध्ये नेट का गेलं?

"वांदरं आली होती छपरावर. बांबू पाडला त्यायनं."

मग?

"मंग काय, मीच फोन घेऊन उभी राहिली वर जाऊन. हात वर करून. पेपर होयेपर्यंत."

हात दुखला असेल, मी म्हटलं.

"दुखला नं. पन दुसरा हात होता."

मी कारणाच्या रकान्यात लिहिलं: अँटेना पडला, पर्यायी व्यवस्था तत्काळ केली. प्रमुखांनी कसली व्यवस्था म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मंजूर केलं.

मुलीचा निकाल लागला, ती रुजू झाली. हे मला पांढुर्ण्याच्या मावसभावाकडून कळलं. आमच्याकडे प्रकरण बंद झाल्यावर पुढचं कळत नाही, आणि विचारायची पद्धतही नाही. पुढच्या वर्षी विद्यापीठानं सगळ्यांना परत बोलावलं. मी खोके होते तसे भिंतीला लावले, फळी खाली ठेवली आणि निघाले. आता ती माडी भावानं शिकवणीला दिली आहे. आई त्याच्याकडे असते.

तिथं मी बसत असे तेव्हा कामाच्या ओळीमागचं घर मला माहीत असायचं. निदान एकदा तरी होतं. इथं ओळी जास्त आहेत, मशीनं चांगली आहेत, आणि चुका त्या काळापेक्षा कमी होतात. कालच एक ओळ दोन राज्यांत उड्या मारत होती. नव्यानं लागलेली सहकारी मुलगी म्हणाली, बंद करू? मी पत्ता पाहिला. हद्दीवरचा नव्हता. "कर," मी म्हटलं. मग मला राहवेना. म्हटलं, आधी फोन करून विचार, त्यांच्या घरात किती सिम आहेत.